कॉलरवरचा चिमटा

आरशात तिला गळती दिसायला हवी होती. दिसला एक डोळा.

आरसा म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, लांब दांडीवर बसवलेला, चहाच्या बशीहूनही लहान. जुनी गाडी विकत घेणाऱ्याच्या वतीने ती गाडी तपासणं हे तिचं काम. इंजिनाच्या मागे, खाली, जिथे मान वळत नाही आणि हातही पोचत नाही, अशा जागा ती या आरशात बघायची. इतकी वर्षं त्या आरशात रबरी नळ्या, पट्टे आणि चिकट काळं तेल यांच्यापलीकडे काही उमटलं नव्हतं. आज मात्र दोन नळ्यांच्या फटीतून एक तपकिरी डोळा तिच्याकडे बघत होता. आणि बघता बघता तो चक्क मिचकला.

ती दचकून मागे सरली आणि तिचं डोकं उघड्या बॉनेटवर थाडकन आपटलं.

"लागलं का हो?" गाडीच्या पोटाखालून आवाज आला.

"नाही, टाळ्या वाजवल्या!" डोकं चोळत ती म्हणाली.

चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून एकजण गाडीखालून सरकत बाहेर आला. तिच्याच वयाचा असेल. कपाळावर काळा पट्टा, कानामागे एक छोटा ब्रश, आणि शर्टाच्या कॉलरला कपडे वाळत घालायचा एक लाल चिमटा. हातात चुरगळलेली प्लास्टिकची पिशवी होती. "डोळ्यात केमिकलचा थेंब गेला, म्हणून मिटला," तो घाईघाईने म्हणाला. "तुम्हाला वाटलं असेल की मी... तसं नाही."

"मला काहीच वाटलं नाही. स्वतःला वाळत घातलंय का?" तिने चिमट्याकडे बोट दाखवलं.

तो हसला. हसताना त्याचा वरचा एक दात थोडा वाकडा दिसतो, हे तिने लगेच टिपलं. खोट दिसली की टिपायची, हा तिचा धर्मच होता.

"इंजिन धुण्याआधी ज्या वस्तूंना पाणी चालत नाही, त्यांच्यावर पिशव्या बांधायच्या," तो सांगू लागला. "फ्यूजबॉक्स, अल्टरनेटर, हवा आत घेणारं तोंड. जितक्या पिशव्या बांधल्या तितके चिमटे कॉलरला. पिशवी सुटली की तिचा चिमटा डब्यात. कॉलर रिकामी झाली म्हणजे आत काही विसरलं नाही." असं म्हणून त्याने हातातली पिशवी टोपलीत टाकली, कॉलरवरचा लाल चिमटा काढला आणि शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. टिक् असा आवाज झाला.

"आणि विसरलं तर?"

"तर गाडी भर रस्त्यात गुदमरते. एकदाच झालं. तेव्हापासून चिमटे."

ती त्या केंद्रात पहिल्यांदाच आली होती. गाड्या धुण्याचं, पुसण्याचं, चमकवण्याचं ते केंद्र त्याच्या मामाचं. आईच्या माघारी मामानेच त्याला वाढवलं होतं. पुढच्या अंगणात गाड्यांना बाहेरून आंघोळ घालायचे, आणि मागच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या छपराखाली, हा एकटा बॉनेट उघडून बसायचा. ब्रश सतत कानामागे, म्हणून सगळे त्याला कुंचल्या म्हणत. आजची गाडी विकणाऱ्याने इथे चमकवायला दिली होती आणि तपासणीही इथेच ठरवली होती. योगायोग म्हणायचा तर एवढाच.

तिने फोन काढून अहवाल भरायला घेतला. कुंचल्याने मान तिरकी करून उलट्या बाजूने वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"अच्छा... म्हणजे त्या तुम्हीच?"

"कोण त्या?"

"‘इंजिन नुकतेच धुतलेले आहे, गळतीबाबत खात्री देता येत नाही’वाल्या."

"हो, मीच. खोटं आहे का काही त्यात?"

"खोटं नाही. पण ते वाचून घेणारे पळून जातात, आणि विकणारे माझ्या नावाने ओरडतात. आता इंजिन धुवायला कोणी देईना. मामा म्हणतो, या महिन्याअखेर कोपरा रिकामा कर, इथे फिरत्या ब्रशांचं मशीन बसवतो. म्हणजे मी काय करायचं? दिवसभर काचा पुसायच्या?" तो रागावलेला नव्हता. पाऊस पडणार म्हणून सांगावं तसं सांगत होता, आणि म्हणूनच तिला ते लागलं.

"हे बघा, तेल गळत असेल तर त्यावर धूळ चिकटते. पाणी गळत असेल तर वाळून त्याचा थर बसतो. त्या घाणीवरूनच मला कळतं. तुम्ही ती घाण धुवून टाकता, मग मी काय बघायचं? तुमचं कौतुक?"

"थोडं केलं तरी चालेल..."

तिला हसू आलं. तिने ते तोंडातल्या तोंडात दाबलं. "ओळ मी काढणार नाही."

"काढू नका. ती लिहायची वेळ येऊ नये, असं काहीतरी सांगा."

असं मागणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. भेटले ते ओळ गाळा म्हणणारे, नाहीतर साहेबांशी बोलू का म्हणणारे. तिने जरा विचार केला. "धुण्याआधी मला बोलवा. मी घाण बघून घेते. मग तुम्ही धुवा, गाडी चालवा, आणि मी परत येऊन बघते."

"म्हणजे एका गाडीसाठी तुम्ही दोनदा येणार?"

"कामासाठी," ती म्हणाली.

"कामासाठीच," तो म्हणाला, आणि कानामागचा ब्रश काढून पुन्हा कानामागेच खोचला.

*

कामासाठी ती येत राहिली.

आधी सकाळी यायची, इंजिन पुरतं थंड असताना. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारलं की धातूला तडा जाऊ शकतो, त्यामुळे कुंचल्या घाई कधीच करायचा नाही. आधी हाताने चाचपून बघायचा, आजारी मुलाचं कपाळ बघावं तसं. दोघं दोन बाजूंनी बॉनेटखाली वाकायची. ती टॉर्च मारायची, आरसा फिरवायची आणि बोलायची, तो ऐकायचा. कधी तो म्हणायचा, "या बाजूची धूळ ओलसर वाटतेय, इकडे बघा जरा," आणि खरंच तिथे झाकणाचं रबर गेलेलं निघायचं. मग पिशव्या. मग केमिकलचा फवारा, आणि ब्रशने कोपरा न् कोपरा घासणं. मग पाण्याची हलकी धार, जोराची कधीच नाही. मग हवेचा पाइप घेऊन प्रत्येक खाचेतलं पाणी उडवणं, आणि शेवटी नळ्यांवर, काळ्या झाकणांवर फडक्याने हलका हात. तो फार चमकवायचा नाही. "इंजिन इंजिनासारखं दिसलं पाहिजे," म्हणायचा, "लग्नाला निघाल्यासारखं नाही."

अहवालातली ओळ बदलली. ‘धुण्यापूर्वी पाहिले, धुतल्यानंतर चालवून पुन्हा पाहिले.’ घेणाऱ्यांना ते पटायला लागलं आणि विकणारे आपणहून गाड्या मागच्या कोपऱ्यात आणायला लागले. मामाने मशीनवाल्याला सांगितलं, जरा थांबा. मात्र मामा तिला तोंडावर मॅडम आणि पाठीमागे भिंगवाली म्हणायचा, आणि ती आली की उगाच पुढच्या अंगणात नळ जोरात सोडायचा.

एकदा ती फडक्याला हात पुसत होती. कुंचल्या म्हणाला, "मॅडम, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"काय?"

तो तिच्याकडे बघत राहिला. फवाऱ्याचे बारीक थेंब त्याच्या भुवयांवर बसले होते.

"...टॉर्च जरा डावीकडे घ्या."

टॉर्च तर बंद होता. तिने तो लावला आणि डावीकडे घेतला. डावीकडे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी दोघांनी ते बराच वेळ बघितलं.

दुसऱ्या एका दिवशी त्याने पाण्याचा पाइप उचलला आणि नेमकी तेव्हा फ्यूजबॉक्सवरची पिशवी सुटली. "अरे थांब! मारू नकोस पाणी, पिशवी सुटलीय तुझी!" ती ओरडली.

त्याने धार बाजूला वळवली. ती स्वतःच्याच बुटांवर आली, तरी तो तसाच उभा.

"‘तुझी’ म्हणालात," तो हळूच म्हणाला.

"घाईत म्हणाले."

"मग घाईतच बोलत जा ना... मला बरं वाटलं."

"आधी नळ बंद कर," ती म्हणाली. पुढे मात्र तिने तुम्ही कधी म्हटलं नाही. तोही बिचकत बिचकत, वाक्य आडवंतिडवं फिरवत, तू म्हणायला शिकला.

घरी आईच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "आजकाल दोनदा जातेस म्हणे एकाच ठिकाणी," आई कांदा चिरता चिरता म्हणायची.

"काम असतं गं."

"असेल बाई. गाड्यांचं मी समजू शकते, पण माणसांचंही तू बॉनेट उघडून बघतेस. हा बोलतो फार, तो हसतो फार, त्याचे केस विंचरलेले फार. या मुलात काय खोट काढलीस?"

"एक दात वाकडा आहे."

"एवढंच?"

एवढंच नव्हतं. कुंचल्याच्या तोंडून सांगायची गोष्ट बाहेर पडत नसे, ही खरी खोट. मामासमोर तर त्याच्या तोंडाला कुलूपच असायचं. आणि तिला गप्प माणसांची भीती वाटायची. बोलणाऱ्याचं खोटं पकडता येतं. गप्प राहणाऱ्याने आत काय झाकलंय ते कसं कळणार? तो तिला आवडत होता, चांगलाच आवडत होता. पण खात्री द्यायची म्हटली, तर तिला देता आली नसती.

*

मग मामाने स्वतःची गाडी विकायला काढली.

घेणारी होती एक नर्स. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात तिची रात्रपाळी असायची, आणि शेवटची बस चुकली की पहाटेपर्यंत बाकावर बसून राहावं लागायचं, म्हणून गाडी हवी होती. तिने तपासणीसाठी हिलाच सांगितलं. ही खूश झाली. मामाची गाडी, म्हणजे सकाळी लवकर बोलावणं येणार, दोघं मिळून बघणार.

बोलावणं आलं ते दुपारी.

ती कोपऱ्यात पोचली तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि आतलं सगळं लख्ख होतं. नळ्या, झाकणं, बॅटरीची पट्टी, काही काही सोडलं नव्हतं. मामा हाताची घडी घालून गाडीला टेकून उभा होता. कुंचल्या पलीकडे, भिंतीला लागून. त्याच्या हातात फडकं होतं आणि कॉलरला एक पिवळा चिमटा.

"या मॅडम," मामा म्हणाला. "घरचीच गाडी, म्हटलं तुम्हाला दोन खेपा कशाला? धुवून पुसून तयारच ठेवली."

ती मामाशी बोललीच नाही. "आधी का नाही बोलावलंस?" तिने कुंचल्याला विचारलं.

त्याने मामाकडे बघितलं. मग तिच्याकडे. त्याचा हात कॉलरकडे गेला आणि चिमटा चाचपत राहिला.

"बोल ना."

"तू... तपास ना," तो म्हणाला. आवाज असा की अंगणातल्या मोटरच्या घरघरीत बुडून गेला.

"काय तपासू? तपासायला ठेवलंयस काय?"

तिने नुसतं वरून पाहिलं. खाली, पट्ट्यांच्या बाजूला, एक पिशवी तशीच राहिली होती. घाई! धुवून टाकायची इतकी घाई की पिशवीसुद्धा काढायला विसरला. इतके दिवस दोघांनी एका टॉर्चच्या उजेडात बघितलेलं सगळं एका दुपारी पाण्याबरोबर गटारात गेलं, असं तिला वाटलं. आरसा स्वतःच्या बॅगेतून बाहेरही न काढता तिने दोन्ही हातांनी बॉनेट आपटलं. तिथेच उभ्या उभ्या जुनी ओळ लिहिली. ‘इंजिन नुकतेच धुतलेले आहे, गळतीबाबत खात्री देता येत नाही.’

"अहो मॅडम—" मामा म्हणाला.

"थांब जरा..." कुंचल्या म्हणाला.

ती थांबली नाही. बसमध्ये बसल्यावर त्याचा फोन आला, तो तिने घेतला नाही. पुन्हा आला, तेव्हा तिने फोनच बंद करून टाकला. खिडकीकडे तोंड करून ती थोडं रडली. राग गाडीचा नव्हता. घेणाऱ्याला सावध करायला ती ओळ पुरेशी होती. राग होता तो याचा, की या एका माणसाच्या बाबतीत तिने आपला आरसा बाजूला ठेवला होता.

संध्याकाळी गच्चीत आई वाळलेले कपडे काढत होती. ती मदतीला गेली. मदत कसली, कपडा ओढून घ्यायची आणि चिमटा पुन्हा रिकाम्या दोरीला लावायची.

"अगं, हे काय करतेस?" आई वैतागली. "चिमटे त्या डब्यात टाक. रिकाम्या दोरीला चिमटे राहिले की खालून मला वाटतं, अजून काहीतरी वाळत राहिलंय. उगाच जिने चढून येते मी."

"हो," ती म्हणाली. आणि हातातला चिमटा हातातच राहिला.

कॉलरला चिमटा होता. पिवळा. तो सारखा चाचपत होता.

पिशवी विसरली असती, तर चिमट्याला हात लागताच त्याला आठवली असती. चिमटा कॉलरला आहे म्हणजे पिशवी आत आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. माहीत असून त्याने ती ठेवली होती. का? पाणी लागून बिघडेल असं तिथे होतंच काय? पट्ट्यांच्या त्या बाजूला ना फ्यूजबॉक्स, ना अल्टरनेटर.

"आई, मी आज गाडी न बघता बॉनेट लावलं."

"तू?" आईच्या हातातली चादर खाली पडली. "बरं वाटत नाही का गं तुला?"

*

सकाळी ती केंद्राचं फाटक उघडायच्या आत दारात हजर होती. मामाने कुलूप काढलं, तिला पाहून नाक मुरडलं, पण काही बोलला नाही. कुंचल्या मागच्या कोपऱ्यात होता. डोळे सुजलेले, शर्ट कालचाच. कॉलरला पिवळा चिमटा तसाच.

"बॉनेट उघड," ती म्हणाली.

त्याने उघडलं. ती वाकली. पिशवी घाईची नव्हतीच. चारी कडांना चिकटपट्टी लावलेली, आत पाण्याचा थेंबही जाऊ नये म्हणून रबर आवळलेलं. फ्यूजबॉक्ससुद्धा त्याने कधी इतक्या जपून बांधला नव्हता. तिने पट्टी सोलली, रबर काढलं आणि पिशवी ओढून घेतली.

आत तळहाताएवढी घाण होती.

सगळं इंजिन धुतल्या ताटासारखं, आणि मध्येच ही एवढी जागा जशीच्या तशी. करडी धूळ, आणि तिच्यातून इंजिनाच्या पाण्याच्या पंपापासून खाली उतरत गेलेला गुलाबी-पांढरा वाळलेला ओघळ. तिने आरसा आत घातला. ओघळ पंपाच्या मागून येत होता. इंजिन थंड ठेवणारं पाणी बरेच दिवस थेंब थेंब गळत होतं. असा पंप एका रात्री अचानक हात टेकतो, आणि गाडी तापून रस्त्यात बंद पडते.

"हे काय ठेवलंस रे?" मामा मागून डोकावत म्हणाला. त्याचा आवाज चढला. "कुंचल्या! मी तुला काय सांगितलं होतं?"

कुंचल्याने मामाकडे तोंड वळवलं. ती त्याच्याकडे बघत होती. मदत करावीशी वाटत होती, तरी तिने केली नाही. हे त्यालाच बोलायला हवं होतं.

"पंप गळतो, मामा," तो म्हणाला. "तू रोज सकाळी पाणी ओततोस, मी बघतो. त्या नर्सबाई रात्री एकट्या जाणार याच गाडीने."

"थेंबभर गळतं रे! आणि म्हणून या भिंगवालीसमोर सख्ख्या मामाला उघडं पाडलंस?"

"मी झाकलं होतं, मामा," कुंचल्या म्हणाला. "उघडलं हिने."

मग मामाच्या मिश्या हलल्या. त्याला हसायचं नव्हतं, पण हसू आवरेना. "लहानपणी दूध सांडलंस तरी वर ताट झाकून ठेवायचास," तो पुटपुटला. आणि मग त्याने त्या ओघळावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं पांढरं बघितलं, आणि त्याची मान जरा खाली गेली. "बाईंना मीच सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही कोणी मध्ये बोलू नका."

नर्स आली तेव्हा त्याने खरंच सांगितलं, बोट लावून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पंप बदला, मग घेते. आतापर्यंत बघितलेल्या गाड्यांत एकीतही म्हणे खोट नव्हती, म्हणूनच एकही घेतली नाही." मामा पंप आणायला बाहेर पडला. फाटकापाशी थांबून ओरडला, "आणि ते मशीन पुढच्या अंगणात बसवू रे! कोपरा राहू दे तुझा!"

कोपऱ्यात दोघंच उरली. नळातून थेंब गळत होता. कुंचल्याने उठून तो घट्ट केला.

"काल मी न बघता बॉनेट लावलं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"हो. जोरात लावलंस." तो थांबला. "चूक माझी पण आहे. मामासमोर मला बोलता येत नाही. त्याने धू म्हटलं, मी धुतलं. पण हात तिथे आला आणि... पुढे जाईना. वाटलं, तू वाकशील, पिशवी काढशील, तुला कळेल."

"दर वेळी मी पिशव्या काढत बसू का? कधीतरी तोंडाने सांग."

"सांगितलं की आज."

"आज पंपाचं सांगितलंस."

त्याने मान खाली घातली. कॉलरवरचा पिवळा चिमटा काढला आणि डब्याकडे हात नेला. तिने तो वरच्यावर त्याच्या बोटांतून काढून घेतला आणि स्वतःच्या बाहीला लावला.

"अगं, डब्यात टाकायचाय तो. पिशवी निघाली ना."

"तुला खात्री आहे आत काही राहिलं नाही?"

तो तिच्याकडे बघत राहिला. कान हळूहळू लाल झाले, ब्रश खोचलेला जरा जास्तच. "राहिलंय," तो म्हणाला. "बरेच दिवस राहिलंय. मला तू आवडतेस. त्या दिवशी टॉर्च डावीकडे घे म्हणालो ना... डावीकडे काही नव्हतं."

"माहीत आहे. मी बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी दुसऱ्याच्या पिशव्या ओळखते. लिहायला मात्र खात्री लागते." तिला वाटलं होतं आपण हे अगदी सहज म्हणू. पण शेवटचा शब्द हवेत विरला.

"आता देता येईल का खात्री?" त्याने विचारलं.

त्याने चिमट्यासाठी हात पुढे केला. तिने बाही मागे घेतली.

"हा राहू दे. तुझं निघालं. हा माझा आहे."

"म्हणजे तुझंही काही झाकलेलं आहे?"

"शोध," ती म्हणाली, आणि वळून बॉनेटखाली शिरली, जणू पंपाकडे बघायचं अजून बाकी होतं.

मग बाकावरचा तिचा आरसा उचलून तो दुसऱ्या बाजूने वाकला. लांब दांडी नळ्यांच्या मधून आत सरकवली, जरा डावीकडे, जरा खाली... आणि थांबला. चहाच्या बशीहूनही लहान त्या काचेत, दोन नळ्यांच्या फटीत, एक डोळा त्याच्याकडे बघत होता. काठावर थोडं पाणी होतं. आणि बघता बघता तो मिचकला.

कुंचल्या दचकून मागे सरला. थाडकन आवाज आला.

"लागलं का रे?" पलीकडून तिने विचारलं.

"नाही," डोकं चोळत तो म्हणाला, "टाळ्या वाजवल्या."